काठापासून मध्यापर्यंत

चार लोखंडी नळ्या, वर धरायला आडवा दांडा, खाली घसरायला दोन गुळगुळीत पट्ट्या. एवढाच मी. म्हाताऱ्यांच्या वॉकरचा थंडीतला भाऊ म्हणा हवं तर. कॅनडातल्या एडमंटनच्या नदीकाठच्या बागेतलं तळं गोठलं, की स्केटिंग शिकणारे नवशिके मला धरून बर्फावर उतरतात.

एका शाळेच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. मुलांनी मला निळा रंग दिला, आणि बागेच्या पिकअपमधून मी इथे आलो. तेव्हापासून हिवाळाभर बर्फावर आणि उन्हाळाभर शेडमध्ये, अर्धवट झोपेत.

माझं काम जरा विचित्र आहे. ज्याला मी नीट सांभाळतो, तो मला सोडून जातो. मुलं तर तासाभरात जातात. मोठी माणसं घट्ट धरून राहतात आणि फोटोपुरतं मला बाजूला सारतात. मग तो फोटो पुण्याला, घरच्यांकडे जातो. चालायचंच.

मला राग येतो तो काठावरच्या गर्दीचा. बाग सगळ्यांची आहे ना? मग अर्धी माणसं दुसऱ्यांचे बूट आणि थर्मास सांभाळत का उभी?

प्रमोदिनीबाई त्यांतल्याच. लग्न होऊन नागपूरहून आल्या तेव्हापासून त्या काठावर. नवरा, विलासराव, मुलांना घेऊन पार तळ्याच्या मध्यावर जायचे. बाई लांबून बघायच्या.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा मला धरलं. विलासरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं; ते बाकावर बसून होते. उन्हाळ्यात दोघं मुलाकडे, पश्चिम किनाऱ्यावरच्या सरे शहरात, कायमचे राहायला जाणार होते. तिकडे तळी अशी गोठत नाहीत.

"पडलीस तर सर्जनची वेटिंग लिस्ट केवढी आहे, माहीत आहे ना?" विलासराव म्हणाले.

"अहो, मला काही मेडल नकोय. एकदा स्वतःच्या पायांनी मध्यावर जायचंय. बस."

हिवाळाभर त्या आल्या. पडल्या, उठल्या, पण मला सोडेनात. मार्चमध्ये बर्फ मऊ व्हायला लागला. एका रविवारी बागेतल्या माणसाने सांगितलं, उद्यापासून तळं बंद.

त्या दुपारी भुरभुर बर्फ पडत होता. आकाश कुठे संपतं आणि तळं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं.

"आजी, जस्ट लेट गो!" सरेहून सुट्टीत आलेली नात ऊर्मी ओरडली.

"लेट गो म्हणे! तुझ्या बाबाला चालायला मी शिकवलंय!"

पण दांड्यावरची पकड सैल होत होती. एक हातमोजा सुटला. मग दुसरा. मला वाटलं, मलाही हात असते तर मी त्यांना धरून ठेवलं असतं. बरं झालं, नाहीत. त्या पांढऱ्या शांततेत बाई पुढे सरकत राहिल्या, स्वप्नात चालतात तशा. मध्यावर पोचल्या आणि वळल्या.

"अहो! हे किती जवळ आहे हो!"

विलासराव बाकावरून उठून उभे राहिले. "मी कधी विचारलंच नाही तुला, येतेस का म्हणून."

"मी तरी कुठे आपणहून उतरले?"

यंदा प्लास्टिकचे नवे आधार आलेत. मी भिंतीला टेकून उभा आहे, गंजत. माझी तक्रार नाही. पण तुम्ही, जे अजून काठावर उभेच आहात, कुणी बोलावण्याची वाट बघू नका. बर्फ अजून पक्का आहे. उतरा.