एकशे त्र्याऐंशी दिवस

रसेलला न्यूयॉर्क राज्यात पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून त्याची चौऱ्याऐंशी वर्षांची आई, डोलोरेस, हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बर्फातून हद्द ओलांडून पेनसिल्व्हेनियात त्याला भेटायला निघाली. गाडी बहीण चालवत होती, नोरीन. तिने वाटेत भावाला ज्या शिव्या घातल्या, त्यांतल्या एकीलाही आईने हरकत घेतली नाही.

तीन वर्षांपूर्वी रसेल फ्लॉरिडात राहायला गेला. तिथे पगारावर राज्याचा कर नाही, हे तो अशा थाटात सांगे की जणू तो कायदा त्यानेच केला. पण न्यूयॉर्कमधलं तळ्याकाठचं घर मात्र त्याला सोडवेना. असं घर ठेवून वर्षात एकशे त्र्याऐंशीपेक्षा जास्त दिवस तिथे काढले, की न्यूयॉर्क सबंध वर्षाच्या कमाईवर कर लावतं. पाच मिनिटं आलं तरी अख्खा दिवस धरतात. रसेलचे दिवस ऑक्टोबरातच संपले होते. होडी, गोल्फ, मासेमारी. आईच्या वाट्याला त्यांतले चार आले, हे नोरीनला पाठ होतं.

हद्दीपलीकडच्या खानावळीत तो आधीच ॲपल पाय खात बसला होता. डिसेंबरातही चेहरा उन्हाने रापलेला. नोरीनला तो चेहरा बघवेना.

"रस्ता बरा होता ना, आई?"

"हिला विचार. मी डोळे मिटून होते," आई म्हणाली. तिने कोट काढला नाही. "उद्या सकाळी सातला मला आत नेणार आहेत. हॉस्पिटल इथून चाळीस मिनिटांवर आहे. येशील?"

"मला काय यायचं नाही असं वाटतं तुला? अगं, उद्या आलो की एकशे चौऱ्याऐंशी होतात. छत्तीस हजार डॉलर जातील."

"आजारपणाला सूट असेल की," नोरीन म्हणाली.

"आहे ना. पण मी स्वतः भरती झालो तर."

"मग बाहेर चल. मी करते तुझी सोय."

रसेल हसला. त्याला तो विनोद वाटला. मग त्याने पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला आणि आईच्या सुपाची वाटी जरा बाजूला सरकवली.

"कर खात्याने मागच्या वर्षांची चौकशी लावलीय. माझं कायमचं घर आता न्यूयॉर्कमध्ये नाही, असं घरच्या माणसाने लिहून दिलं तर फार बरं पडेल. उद्यानंतर... म्हणजे, आजच झालेलं बरं."

नोरीनच्या हातातला चमचा तसाच राहिला. एवढं शिकलेला, एवढं मिळवणारा माणूस, आणि इतका हलका! आई मात्र शांतपणे म्हणाली, "चष्मा दे गं."

तिने कागद पुरता वाचला. मग सहीच्या ओळीवर, रिकाम्या जागेत लिहिलं: 'उद्या माझी शस्त्रक्रिया आहे. रसेल चाळीस मिनिटांवर आहे आणि येणार नाही. त्याचं घर न्यूयॉर्कमध्ये नाही, याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.' खाली सही केली.

रसेलने ते वाचलं. पुन्हा वाचलं. नोरीन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी हलेल, निदान मान तरी खाली जाईल.

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला होता, "हे फार उत्तम झालं. तारीख तेवढी घाल."

आईने तारीख घातली.