दुपारी तीनची चोरी

पोपटरावांनी तीस वर्षं वीजखात्यात मीटर रीडिंग केलं, आणि त्या तीस वर्षांत त्यांना माणसं दोनच प्रकारची भेटली. मीटरमधून वीज घेणारी आणि तारेवर आकडा टाकणारी. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ही वाटणी त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ते खोलीतून उठले की पंख्याचं बटण बंद करत, मग त्या पंख्याखाली कुणी बसलेलं का असेना.

एका वस्तूला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. मधल्या बोळात, चपलांच्या कपाटावर, त्यांच्या मुलाने घरीच जुळवलेला सर्व्हर होता. बुद्धभूषणने ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर आणला, त्यात पाच डिस्क बसवल्या आणि आठ वर्षांची आपली ध्वनिमुद्रणं त्यात साठवली. दर रविवारी तो मोटारसायकल काढायचा. मांजरी, लोणी काळभोर, त्याच्याही पुढे. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायलेल्या म्हाताऱ्या शोधायच्या आणि त्यांना बोलतं करायचं, हाच त्याचा छंद. अशा तीनशे बारा बायका त्या डब्यात होत्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आणि त्याची आई नंदाबाई एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झाले. नंदाबाई एकवीस दिवसांनी घरी आल्या. तो आला नाही.

नंदाबाई आल्या त्या निकामी फुप्फुसं घेऊनच. तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन त्यांच्या पलंगाशी आहे. ते विजेवर चालतं, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर. गेल्या एप्रिलमध्ये साडेतीन तास वीज नव्हती. इन्व्हर्टर वीज यायच्या वीस मिनिटं आधीच आटोपला आणि नंदाबाईंचे ओठ निळे पडले. त्या वीस मिनिटांत पोपटराव पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते. पुठ्ठ्याने ऑक्सिजन मिळत नाही हे त्यांना कळत होतं, पण हात थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्षता, त्यांची सून, सर्व्हरसमोर उभी राहिली. ती सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि नवऱ्याच्या या डब्याची तिला सगळी माहिती होती.

"बाबा, हा एकशेदहा वॅट खातो. चोवीस तास. बंद करून ठेवू या."

"नको," आतून नंदाबाई म्हणाल्या. एवढं बोलायलाही त्यांना थांबावं लागलं. "त्याने चालू ठेवलेलं आहे."

मग मधला मार्ग निघाला. सर्व्हर चालू ठेवायचा, पण त्याची भूक मारायची. वीज गेली आणि तासाभरात आली नाही, तर मात्र तो सरळ बंद करायचा. नंदाबाईंनी मान हलवली.

सासरा आणि सून महिनाभर त्या कामाला जुंपले. अक्षताने आतलं ग्राफिक्स कार्ड काढलं. जुन्या पाच डिस्कवरचं सगळं दोन नव्या डिस्कवर उतरवलं, दोन्हीवर तेच, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. कुणी काही मागितलं नाही की वीस मिनिटांनी डिस्क झोपतील, अशी सोय केली. पोपटरावांनी प्लगमध्ये छोटं मीटर लावलं आणि वहीत तासातासाचं रीडिंग मांडायला घेतलं. एकशेदहाचे ऐंशी झाले, ऐंशीचे अडतीस, आणि डिस्क झोपल्यावर बावीस. पोपटराव वॅटची मिनिटं करत. सोळा वॅट वाचले म्हणजे नंदाचा श्वास सात मिनिटं जास्त चालला, असा त्यांचा हिशोब होता.

आणि तिथेच घोडं अडलं. रोज दुपारी तीनला रीडिंग बावीसवरून अडतीसवर चढे आणि पाचपर्यंत तिथेच राही. कुणीतरी डिस्क उठवत होतं. पोपटरावांच्या अंगात जुना मीटर रीडर संचारला. त्या रकान्यात ते रोज लाल शाईने प्रश्नचिन्ह काढू लागले.

पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या वैजनाथवर गेला. बुद्धभूषणच्या दिवसकार्यात त्याला वायफायचा पासवर्ड दिलेला होता. पोपटराव जिना उतरून गेले.

"आपण दुपारी आमचं काही वापरता का?"

"काका, तुमची चोरी करायची म्हणजे आधी तुमच्याकडे काही जास्त असायला हवं," वैजनाथ म्हणाला आणि त्याने पेपर परत तोंडासमोर धरला.

अक्षताने पासवर्ड बदलला, घरातल्या फोनांना नवा घातला, नंदाबाईंच्या टॅबलाही घातला. तिथे नंदाबाई बातम्या बघतात, अशी दोघांची समजूत. ओव्यांचं त्यांनी कधीच सांगून टाकलं होतं, मला नाही ऐकवत. दुसऱ्या दिवशी तीनला डिस्क पुन्हा उठल्या. वैजनाथची माफी मागायला हवी होती, ती पोपटरावांनी पुढे ढकलली.

मग मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी दोनला वीज गेली. अक्षता ऑफिसात होती. तीन वाजले तरी वीज नाही. ठरल्याप्रमाणे तास झाला होता. पोपटराव उठले, बोळात आले. मीटरवर अडतीस होतं आणि डिस्कचा दिवा लुकलुकत होता. एरवी शेजारच्या टीव्हीचा आणि पंपाचा गोंगाट असे, आज इमारत चिडीचूप होती. बंद करतो हे नंदाला सांगावं म्हणून ते तिच्या खोलीच्या पडद्याशी गेले, आणि आतून बुद्धभूषणचा आवाज आला.

"आई, तुमचं नाव सांगा."

पोपटरावांनी चौकट धरली. चार वर्षांत त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता, ऐकायचा धीरच झाला नव्हता. प्रत्येक म्हातारीला तो आधी हेच विचारत असणार. प्रश्नानंतर थोडी शांतता होती, म्हातारी घसा साफ करते तेवढी.

त्या शांततेत नंदाबाई म्हणाल्या, "नंदा."

"सोजरबाई म्हणत्यात मला," टॅबमधली म्हातारी बोलली, आणि नंदाबाईंनी तिला तिथेच थांबवलं. ओवी सुरूच झाली नाही. त्यांनी बोटाने पुढचं ध्वनिमुद्रण लावलं.

"आई, तुमचं नाव सांगा."

"नंदा."

ऑक्सिजनचं मशीन त्यांच्या शेजारी धापा टाकत होतं. तीनशे बारा बायकांना विचारलेला प्रश्न ती बाई रोज एकेक करून आपल्याकडे घेत होती, आणि त्यासाठी लागणारा श्वास स्वतःच्या वाट्यातून देत होती. पडदा बाजूला करायची पोपटरावांची हिंमत झाली नाही.

ते बोळात परतले. सर्व्हरच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं, मग काढलं. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी आपल्या डोक्यावरचा पंखा बंद केला. पंख्याचे सत्तर वॅट वाचले, त्यात सर्व्हर बसत होता आणि वर उरतही होते. वीज पाचला आली. तोवर ते उघडेबोडके, घामाने निथळत खुर्चीत बसून होते, आणि इन्व्हर्टर शिट्टी न मारता टिकला होता.

अक्षता सहाला आली. सासऱ्याचा अवतार बघून तिने आधी पंखा लावला, मग वही उघडली.

"आजही तीनला उठल्या डिस्क?"

"उठल्या."

"म्हणजे चोर अजून सापडलाच नाही."

"ती चोरी नाही," पोपटराव म्हणाले. "अधिकृत जोडणी आहे. तोडायची नाही."

अक्षताने त्यांच्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या पडद्याकडे. पोपटरावांनी वही तिच्या हातातून घेतली. दुपारी तीनच्या रकान्यात आज त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं नव्हतं, जागा कोरी सोडली होती. तिथे त्यांनी सावकाश, खात्याच्या जुन्या वळणदार अक्षरात, ग्राहकाचं नाव लिहिलं. नंदा.