नेफ्यातल्या गोळ्या

मावशीनं पायजम्याचा नेफा चिमटीत धरला आणि तिचा हात थांबला.

व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी आधी तिच्या टेबलावर यायची. नऊ वर्षांत तिनं साबण कापले, चपलांचे तळवे उसवले, आणि टूथपेस्ट एवढी पिळली की अख्ख्या गावाचे दात घासून झाले असते. नशेकऱ्यांची शिवण ती लांबून ओळखायची. थरथरत्या हाताची, वेडीवाकडी. इथले टाके मात्र मुंग्यांच्या रांगेसारखे, एकाला एक लागून.

तिनं ते उसवले. दोन गोळ्या निघाल्या.

पायजमा ज्याचा, तो वायरमन आत वजनकाट्यावर उभा होता. वय चौतीस, खेप तिसरी. सामानात नशा सापडली की खाट गेली, असा नियम. अठ्ठावीस दिवसांच्या या खाटेसाठी त्यानं दोन महिने वाट पाहिली होती. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. मावशीनं तिला आत घेतलं आणि दार लोटलं.

"आई, ही शिवण तुमची."

म्हातारीनं आढेवेढे घेतले नाहीत. त्याला यातलं काही ठाऊक नाही म्हणाली. निघताना ती त्याच्या कानात सांगणार होती.

"ओरडतो हो तो. तिसऱ्या दिवशी फार ओरडतो."

"याच गोळ्या जीव घेतील त्याचा."

"कळतं मला."

"कळतं आणि वर शिवता?"

म्हातारी पायजम्याची घडी घालत राहिली.

मोठे डॉक्टर आले तेव्हा म्हातारीनं आपणहून सगळं सांगितलं. त्यांनी खाट राखली, पण आईला बंदी घातली. अठ्ठावीस दिवस भेट नाही, फोन नाही. तिनं दाखवली तिथं सही केली. जाताना मावशीला म्हणाली, "गोळ्यांचं त्याला कळू देऊ नका. मी का येत नाही विचारलं, तर म्हणावं, रागावलीय."

तिसऱ्या दिवशी दुपारी वायरमनचा आवाज जिन्यापर्यंत पोचला. मावशी रस्त्याकडची खिडकी लावायला गेली. पलीकडच्या फुटपाथवर म्हातारी उभी होती, भलत्याच खिडकीकडे मान वर करून.

"आई आली का?" खाटेवरून त्यानं विचारलं.

मावशीनं खिडकी ओढून घेतली, कडी घातली.

"नाही रे. रागावल्यात त्या."