फ्रिजवरचं प्लास्टिक

“ड्रायव्हरसायेब, हे प्लास्टिक काढल्याबिगर मला काई दिसनार न्हाई.”

“प्लास्टिकला हात लावू नको, बन्सी. बाकी काय बघायचं ते बघ.”

बन्सीधर हा फ्रिज दुरुस्त करणारा. जिंतूरहून बोरीला खास या कामासाठी आला होता आणि गाडीत फ्रिजसमोर मांडी ठोकून बसला होता. त्यानं पाना खाली ठेवला. “कमाल हाय तुमची! डाक्टरला बलवायचं अन् सदरा काढनार न्हाई म्हनायचं.”

फ्रिजखालून तांबूस पाणी झिरपून फळीवर डाग पडला होता, म्हणून नाइलाजानं सूर्यभाननं बन्सीला बोलावलं होतं. नाहीतर बायको, सत्यशीला, गेल्यापासून गाडीच्या मागच्या भागात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

गाडी म्हणजे एका शाळेनं मोडीत काढलेली टेम्पो ट्रॅव्हलर. एसटीतून रिटायर झाल्यावर सूर्यभानच्या डोक्यात खूळ शिरलं. सीट उपटल्या, फळ्यांची खाट ठोकली, शेगडी बसवली आणि ड्रायव्हरच्या सीटमागं बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज. गाव हसलं. एसटी सुटली, पण ड्रायव्हरकी सुटंना म्हणे! हसू देत. फ्रिज काही थंड सरबतासाठी नव्हता. सत्यशीलाला शुगर, इन्सुलिन थंड ठेवायला हवं आणि तिला जायचं होतं बोधगयेला. विहारातल्या बाया रेल्वेनं जाऊन आल्या, पण हिचा हट्ट एकच. “जगाला फिरवलं तुमी. आता मला न्या. तुमच्याच गाडीत.”

फ्रिज आला तेव्हा दारावर कारखान्याचं पातळ प्लास्टिक होतं. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं म्हणजे आपल्या माणसांच्या जिवावर येतं. रिमोट पिशवीत मरतो, पण पिशवी निघत नाही. सत्यशीलानं तर फर्मानच काढलं होतं. “निघायच्या दिवशी काढू. तवर नवाकोरा राहू द्या.”

निघायचा दिवस काही उगवेना. आधी शुभदाचं, त्यांच्या लेकीचं, बाळंतपण आलं. मग सूर्यभानच्या डोळ्याचं ऑपरेशन. मग सत्यशीलाची किडनी. बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली असताना ती गेली. प्लास्टिक तसंच राहिलं.

बन्सीनं दार ओढलं. रबर चिकटलं होतं, ते चर्रकन सुटलं आणि कुबट भपकारा आला. आतल्या भिंतींवर काळी बुरशी धरली होती.

“दार लावून कामून ठेवलं हो? बंद फ्रिजला फट ठेवावी लागती. फडक्याची घडी अडकवायची, हवा खेळती ठेवायची. एवढंबी म्हाईत न्हाई का?”

माहीत होतं. पण दवाखान्यात जाताना इन्सुलिन काढून घेऊन ते दार सत्यशीलानं लावलं होतं. तिच्या हातानं लागलेलं दार उघडायचं कसं? शिवाय सूर्यभानला वेडी आशा होती की आत तिचं काहीतरी राहिलं असेल. तिच्या हाताचा, डोक्याच्या तेलाचा वास. राहिली होती ती नुसती बुरशी. तो खिडकीतून बाहेर बघत बसला.

बन्सीनं आतून सगळं पुसून काढलं, पाणी जायचं भोक तारेनं मोकळं केलं. मग दारावर बोट दाबलं. प्लास्टिकखाली पाणी हललं.

“हे बगा. बाहेरून चकचकीत, अन् आत गंजायलाय. प्लास्टिकनं पानी धरून ठेवलंय. वैनीनं जपायला ठेवलं, खरं हाय, पन तेच खायलंय त्येला. एक पावसाळा अजून गेला तर पत्र्याला भोक पडंल.”

“ते निघायच्या दिवशी काढायचं होतं,” सूर्यभान म्हणाला.

“मग निघा की.”

“कुनासंगं?”

बन्सी गंजाच्या औषधाची बाटली आणतो म्हणून खाली उतरला आणि उगाच मोटारसायकलच्या डिकीत उचकत राहिला.

सूर्यभान फ्रिजसमोर बसला. कोपऱ्यातून नख घातलं आणि एका दमात प्लास्टिक ओढलं. तांबडं पाणी त्याच्या धोतरावर ओघळलं. दाराचा पत्रा बाकी पांढरा होता. गंज होता तो एकाच जागी, मधोमध, तळहाताएवढा. तिथं प्लास्टिक फाटलं होतं आणि पत्र्याला बारीक पोचे पडले होते.

ते पोचे बघताच त्याला सगळं आठवलं. इंजिन बसू नये म्हणून दर रविवारी तो अंगणातच गाडी चालू करायचा. सत्यशीला फ्रिजशेजारच्या बाकावर येऊन बसायची. पुढं ये म्हटलं तर यायची नाही.

“जल्मभर दारात उभी राहून तुमची पाठच बघितली. आता ती पाठ बघत बघत जाते, पन संगं.”

मग बांगड्यांच्या हातानं, कंडक्टरसारखं, फ्रिजच्या दारावर दोनदा ठोकायची. टक् टक्. “डबल बेल दिली, ड्रायव्हरसायेब! चला बोधगया!” तो अंगणातल्या अंगणात गाडी हातभर पुढं घ्यायचा आणि दोघं पोरांसारखी हसायची.

बन्सी वर आला. त्यानं गंज घासला, औषध लावलं. डाग काळा पडला. मग पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

“तिथं रंग नको,” सूर्यभान म्हणाला.

“कसं दिसंल ते!”

“दिसू दे. पसरनार न्हाई एवढं कर. पोचे बुजवू नको.”

बन्सीनं डबा मिटला आणि डागावर नुसतं पारदर्शक वॉर्निश फिरवलं.

वॉर्निश वाळेपर्यंत सूर्यभाननं पाण्याचे कॅन भरले, पीठ, कांदे, तेल चढवलं. शुभदाला फोन लावला. “निघालो बाई.”

“बाबा, एकटेच? आज?”

“प्लास्टिक काढलं. मंग निघावंच लागतंय.”

मग ती रडत म्हणाली, “सावकाश जा. रोज फोन करा.”

फ्रिज चालू करून देऊन बन्सी गेला. सूर्यभान घराला कुलूप लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि थांबला. सगळी नोकरी कंडक्टरची डबल बेल ऐकून गाडी हलवण्यात गेली होती. पाय क्लचवरून निघेना. मागं फक्त फ्रिज घुमत होता.

त्यानं गिअर काढला. खाली उतरला, वळसा घालून मागच्या दारानं आत गेला. काळ्या डागावर बोटांनी दोनदा ठोकलं.

मग पुन्हा खाली उतरून, वळसा घालून तो सीटवर येऊन बसला आणि त्यानं गाडी फाटकाबाहेर काढली.