पडायची वाळू

आमचे हे गवंडी, त्यामुळे घरात शहाणं कोण हा प्रश्न कधी निघतच नाही. भिंत यांना कळते, प्लास्टर यांना कळतं, आणि वाळू तर काय, यांनीच जन्माला घातली! मी बापडी माळीण. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक बागेतली हिरवळ, झाडं आणि मुलांची खेळायची जागा माझ्याकडे.

त्या खेळायच्या जागेतच आमची नात पडली. तिथं चढायला लोखंडी जाळी आहे. पोर तिच्यावर चढून असा काही आरडाओरडा करायची की आम्ही तिचं नावच टिटवी पाडलं. मागच्या वर्षी वरून हात सुटला, आणि खालच्या टणक जमिनीवर कोपर मोडलं. हाड जुळलं, पण जाळीला ती परत शिवली नाही. बाकीची मुलं वर, आणि ही बाकावर, गप्प. टिटवी गप्प म्हणजे काय! माझा जीव तुटायचा. म्हणून जाळीखाली वाळू टाकायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, ही वाळू आपल्या हातून चुकता कामा नये.

पण यांना धीर कुठला? मी पलीकडे हिरवळीला पाणी देत होते, तेवढ्यात यांनी परस्पर ट्रॉली आणून रिकामी केली. दगड फोडून केलेली क्रशरची वाळू, करडी. येऊन बघते तर वाळूवर पाणी मारलंय, ती धुमसानं चोपून बसवलीय आणि फळी ओढून अशी सपाट केलीय की गोटी ठेवली तरी घरंगळू नये.

"बघ," हे म्हणाले, "केसभर उंचसखल नाही."

"अहो, पोरांनी पडायचंय इथं! कोबा कुणी करायला सांगितला तुम्हाला?"

"वाळूतलं तू मला शिकवणार?" यांनी कडेची मूठभर वाळू उचलली, दाबली, मूठ उघडली. गोळा जसाच्या तसा. "बघ कशी धरून राहते. एक नंबर माल आहे."

"मग मारा उडी."

हे कसले ऐकतात! वयाचा विचार न करता अर्ध्या जाळीपर्यंत चढले आणि मारली उडी. धप्प! "आई आई गं," करत कंबर धरून खालीच बसले. वाळूत टाचेची खूणसुद्धा उठली नव्हती. मला हसू फुटणार, एवढ्यात माझं लक्ष बाकाकडे गेलं. टिटवी हसत नव्हती. तिचा हात आपोआप कोपरावर गेला होता.

ते यांनीही पाहिलं. भांडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. "तिच्यासाठीच तर आणली होती गं," एवढंच म्हणाले.

मी यांना अवजारांच्या खोलीत घेऊन गेले. पानांवरची कीड बघायला तिथं मी भिंग ठेवते. काळ्या बशीत यांच्या वाळूची चिमूट टाकली, आणि शेजारी वाळूवाल्याकडून मी नमुना म्हणून आणलेल्या नदीच्या जुन्या पात्रातल्या वाळूची.

"आधी तुमची बघा."

"काचा फोडून ठेवल्यासारखी दिसते," हे म्हणाले. "सगळी टोकं एकमेकांत अडकलीत."

"भिंतीला तेच हवं. आता दुसरी."

यांनी भिंग सरकवलं. मी आपली वाट बघतेय, हे मान वर करायला तयार नाहीत. शेवटी वैतागून मीच भिंग ओढून घेतलं. नमुना आणला होता, पण असा मीही कधी पाहिला नव्हता. अगं बाई! एकेक कण गोल, गुळगुळीत. एक मधाच्या रंगाचा, एक दुधी, एकाच्या पोटात तांबडी रेघ. आणि एक अगदी आरपार, त्यात खोलीची खिडकी उलटी होऊन बसलेली, गजांसकट! चिमूटभर वाळू ती, आणि त्यात एकासारखा दुसरा नाही.

"एवढं कुणी घासलं गं हे?" यांनी हळूच विचारलं.

"पाण्यानं."

"किती दिवस?"

"दिवस कसले मोजता? आपण नव्हतो, आपले वाडवडील नव्हते, तेव्हापासून."

"जन्मभर वाळू चाळली," हे म्हणाले, "पण एक कण कधी नीट बघितला नाही."

मी चिडायचंच विसरले. म्हटलं, "हे गोल कण एकमेकांना धरून बसत नाहीत. वरून कुणी आलं की बाजूला सरकून जागा देतात."

"आणि माझी ट्रॉली? गेली वाया?"

"वाया कशाला? धुऊन धूळ काढा, चाळून घ्या. हिरवळीवर पातळ पसरू. तिथं पायाखाली सरकणारी वाळू नकोच, आणि तुमच्या वाळूतून पाणीही छान झिरपेल." गड्याचा चेहरा लगेच खुलला.

जाळीखालची वाळू उपसून यांनीच नदीपात्रातली नवी भरली, चांगली खोल. चोपली मात्र नाही. तरी फळी फिरवल्याशिवाय यांना राहवेना, सवयच ती.

टिटवी कडेला येऊन उभी राहिली. वाकली. आधी बोटं घातली, मग मनगट, मग मोडलेला हात थेट कोपरापर्यंत वाळूत. तशीच थोडा वेळ थांबली. मग कुणाला काही न विचारता जाळी चढायला लागली. अर्ध्यावर गेली. वर गेली. मी यांचा दंड इतका घट्ट धरला की हे कळवळले.

तिनं डोळे मिटले आणि उडी मारली.

फस्स! घोट्यापर्यंत पाय आत गेले. पोरीनं डोळे उघडले, पायांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि अशी किंचाळली की झाडावरचे पक्षी उडाले. आमची टिटवी! ती पुन्हा जाळीकडे पळाली आणि मी तिथंच रडायला लागले.

वाळूत दोन छोटे खळगे उरले होते. हे फळी घेऊन पुढं झाले. भिंतीत तिळाएवढा खड्डा दिसला तरी या माणसाला झोप लागत नाही. यांनी फळी टेकवली, खळग्यांकडे बघत राहिले, आणि फळी उचलून बाजूला ठेवली.

"राहू दे," म्हणाले. "काम चांगलं झालंय."