जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर थोरल्या जावेचं राज्य होतं. कोणाचा कुठलाही फोटो हवा असो, सासूबाई म्हणायच्या, "थोरलीला विचारा." तेवढं ऐकायला मिळावं म्हणून ती वर्षानुवर्षं हातानं फोल्डर लावत आली होती.

मग धाकटी जाऊ आली. आल्या आल्या तिनं या कामाला चक्क स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे कॉम्प्युटरला हुकूमच: एकेक फोल्डर उघड, त्याच्या पोटातलेही उघड, प्रत्येक फोटोची तारीख वाच आणि त्या तारखेच्या फोल्डरमध्ये नेऊन टाक. सासूबाईंनी तोंडभरून कौतुक केलं. "थोरलीच्या जिवाला आता जरा आराम," असंही म्हणाल्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आराम मागितला होता कोणी? सरळ सांगायचं तर ती जळत होती, आणि जळता जळता दोघींचा चहा करत होती.

"ताई, डिस्क गच्च भरलीय, कॉपी ठेवायला जागा नाही," धाकटी म्हणाली. "म्हणून आधीच विचारते. तारखांमध्ये काही घोळ नाही ना?"

घोळ होता. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की त्याचं घड्याळ दर वेळी त्याच एका तारखेवर जाऊन बसायचं. हे घरात एकट्या थोरलीला माहीत होतं. सगळे जुने फोटो एकाच फोल्डरात कोंबले जातील, हिची फजिती होईल आणि मग निस्तरायला पुन्हा आपल्यालाच बोलावतील, एवढा हिशोब तिनं चहा गाळता गाळता केला.

"नाही गं. चालव बिनधास्त."

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंना मामंजींचा फोटो हवा झाला. मामंजी कॅमेऱ्यापुढे कायम परीक्षेला बसल्यासारखे बसायचे. हसले एकदाच, थोरलीनं फोटो काढला तेव्हा. त्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला होता.

धाकटीनं त्या एकाच तारखेचं फोल्डर उघडलं. हजारो फोटो हवे होते तिथे मोजकेच उरले होते. कार्ड रिकामं केलं की जुना कॅमेरा पुन्हा एकपासून नंबर द्यायचा, आणि त्याच नंबरचा दुसरा फोटो आला की स्क्रिप्टनं न विचारता पहिला पुसला होता. मामंजींच्या नंबरवर कोणी अनोळखी माणूस टाय लावून बसला होता.

"माझंच चुकलं, आई," धाकटीला रडू आवरेना. "त्या नावाची फाइल आधीच आहे का, ते मी तपासायला हवं होतं."

थोरली दारात उभी होती. हवी होती ती फजिती समोर होती, आणि तिला आत पाऊल टाकवत नव्हतं.

सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस. थोरलीला विचारू. तिनं कुठेतरी जपून ठेवलाच असेल," असं म्हणून त्या दारातल्या थोरलीकडे बघत राहिल्या.