अकरा किल्ल्यांचं बेट

समजा, तुमच्या वर्गात बारा मुलं होती. त्यातली अकरा शाळा सोडून गेली, कुणी जबलपूरला, कुणी अंबरनाथला, आणि जाताना प्रत्येकानं तुम्हाला सांगितलं, "माझा हात तूच वर करत जा." आता बाई विचारतात, सहल कुठं न्यायची? वर्गात सहा नवी मुलं आली आहेत. त्यांना समुद्रावर जायचंय. तुम्हाला मात्र मागच्या वर्षीच्याच बागेत जायचंय. तुमचा स्वतःचा हात एक, आणि गेलेल्यांचे अकरा. मोजा बघू, सहल कुठं जाईल?

आणि पुढच्या वर्षी? आणि त्याच्या पुढच्या?

मोजलंत ना? मग रेवाची गोष्ट तुम्हाला समजेल. आवडेलच असं मी म्हणत नाही.

रेवा दूर दक्षिणेत, आवडी नावाच्या गावात, सरकारी क्वार्टर्समध्ये राहते. तिचे बाबा, उपेंद्र, तिथल्या कारखान्यात आहेत. सकाळी भोंगा वाजला की अख्खी कॉलनी सायकली आणि स्कूटर काढते. रेवा दहा वर्षांची असताना कॉलनीत मराठी बोलणारी बारा मुलं होती. त्यांनी मिळून 'द्वीपसभा' नावाचा ऑनलाइन खेळ सुरू केला. त्यात एक रिकामं बेट मिळतं. तिथं रस्ते बांधायचे, शेजारच्या बेटांशी तह करायचे, आणि दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत मत द्यायचं. ज्या बाजूला मतं जास्त, तसं बेट चालतं. एका रविवारी एका माणसाला एकाच बेटावर मत देता येतं. मुलांनी आपल्या बेटाचं नाव ठेवलं 'टाइप थ्री', कारण सगळी टाइप थ्रीच्या क्वार्टर्समध्ये राहायची.

या खेळात एक सोय आहे. नाव नोंदवतानाच खेळ विचारतो, 'तुम्ही नसाल तेव्हा तुमची किल्ली कुणाकडे?' ती नंतरही कधी देता येते. ज्याच्याकडे किल्ली, तो तुमचं मत देतो. मुलांना यात काही वेगळं वाटलं नाही. गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवायची, त्यांनी तुळशीला पाणी घालायचं, ही तर घरोघरची रीत.

मग बदल्या सुरू झाल्या. दर उन्हाळ्यात चार-पाच ट्रक यायचे. अनय गेला तो दिवस रेवाला लख्ख आठवतो. ट्रकच्या मागं उभं राहून त्यानं फोनवर तिला किल्ली दिली आणि म्हणाला, "रेवे, माझा दीपस्तंभ सांभाळ हं. कुणाला हात लावू देऊ नकोस." दीपस्तंभ म्हणजे बेटाच्या उत्तर टोकावर त्यानं बांधलेला पांढरा-लाल मनोरा. रेवा म्हणाली, "देणार नाही."

एकामागून एक अकरा किल्ल्या तिच्याकडे आल्या.

त्यांच्यानंतर नवी मुलं बेटावर आली. तांबरमचा देवेश, ज्याचे वडील रेल्वेत आहेत. पेरुंगुडीची निधी. ही दोघं रेवाला गणपतीच्या कार्यक्रमात भेटली होती. रेवाच्या वर्गातली संयुक्ता. आणखी तिघं. देवेशनं आल्या आल्या नकाशा उलटसुलट पाहिला आणि प्रस्ताव मांडला: उत्तर टोकावर पाणी खोल आहे, तिथं बंदर करू. जहाजं लागतील, माणसं येतील. दीपस्तंभ टेकडीवर हलवू.

रेवानं विरोधात मत दिलं. मग अकरा किल्ल्या एकेक करून फिरवल्या. बारा विरुद्ध सहा.

देवेशनं तोच प्रस्ताव एकूण तीनदा मांडला. तीनदा बारा विरुद्ध सहा. निधीला बेटावरच्या शाळेमागं पूल हवा होता. तिथं अकरांतल्या स्वरदाची बाग होती. बारा विरुद्ध सहा. दोन वर्षं टाइप थ्रीवर एक वीट हलली नाही, आणि रेवाला याचा अभिमान होता. कधीही उघडून बघा, बेट जसंच्या तसं.

देवेशनं एकदा सभेत लिहिलं, "तू प्रमुख नाहीस गं. वॉचमन आहेस. रिकाम्या बिल्डिंगचा."

निधीनं खाली लिहिलं, "वॉचमन तरी दुपारी झोपतो."

रेवानं उत्तर दिलं, "ज्यांनी बेट बांधलं त्यांना विचारून या."

"कुठं विचारू? ते तर तुझ्या खिशात आहेत," देवेशनं लिहिलं, आणि तो दुसऱ्या बेटावर निघून गेला. मग निधी गेली. बाकीची तिघं तर सांगूनही गेली नाहीत.

त्यानंतर एप्रिलमध्ये खेळाकडून सूचना आली. ज्या बेटावर सलग तीन मतदानांत पाचपेक्षा कमी माणसं स्वतः येतील, ते बेट गोठेल. ते बघता येईल, पण त्यावर काही करता येणार नाही. किल्लीनं दिलेलं मत यात धरणार नाहीत. टाइप थ्रीची दोन मतदानं होऊन गेली होती. पहिल्याला दोघी आल्या होत्या, दुसऱ्यालाही त्याच दोघी: रेवा आणि संयुक्ता. तिसरं मतदान रविवारवर आलं होतं.

शनिवारी सकाळी रेवाच्या आईनं, विद्युलताबाईंनी, तिला नळाची तक्रार द्यायला कॉलनीच्या एन्क्वायरी ऑफिसात, म्हणजे दुरुस्तीच्या कचेरीत, पाठवलं. तिथले गुरुमूर्ती राव तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. ते कुलूप तोडायला निघाले होते. "चल गे पापा, येताना तुझी तक्रार लिहितों," म्हणाले. तिकडं लहान मुलीला लाडानं पापा म्हणतात.

ते एका बंद क्वार्टरपाशी थांबले. इथल्या साहेबांची बदली होऊन दीड वर्ष झालं होतं, पण परत येऊ म्हणून त्यांनी किल्लीच जमा केली नव्हती. पत्रांवर पत्रं गेली, तेव्हा कुठं आता तोडायची परवानगी आली. दार ढकललं तर चौकटीचा एक तुकडा गुरुमूर्तींच्या हातात आला. वाळवीनं आतून पोखरली होती. भिंतीवर हिरवट ओल, मोरीत मेलेली पाल.

"साहेब फोनवर सांगतात, मीं घर राखलों," गुरुमूर्ती म्हणाले. "बघ, हें राखलेलं घर. आणि नव्या माणसाचं कुटुंब तिकडं एका खोलींत बसलंय."

रेवाला का कोण जाणे राग आला. "पण मामा, एखाद्यानं विश्वासानं किल्ली दिली असेल तर? जपायलाच नको का?"

"जप की. नको कोण म्हणतों?" त्यांनी चौकटीचा भुगा हातावरून झटकला. "पण दिलेल्याला कधीं विचारलंस कां? अजून पाहिजे म्हणून?"

रेवानं विचारलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं? पण आठवून पाहा, तुमच्याकडे कुणी काही ठेवायला दिलं तर तुम्हीही तेच करता. जपता, आणि गप्प बसता.

घरी येऊन तिनं अनयला फोन लावला. त्याचा आवाज फुटला होता. आधी तिला वाटलं, त्याचे बाबाच बोलतायत.

"कोण? रेवा? अरे! काय म्हणतेस? आहात अजून तिथंच?"

"अनय, उद्या सहाच्या आत टाइप थ्रीवर ये. फक्त पाच मिनिटं. नाहीतर बेट गोठेल."

"कशावर येऊ?"

"टाइप थ्री. द्वीपसभा. आपलं बेट."

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "ते अजून चालू आहे? कोण खेळतं?"

"तुझा दीपस्तंभ मी हलवू दिला नाही," रेवा म्हणाली. "चार वेळा प्रस्ताव आला. चारही वेळा पाडला." खरं तर तीन वेळा आला होता. चार तिच्या तोंडून निघून गेलं.

अनय म्हणाला, "दीपस्तंभ माझा होता? स्वरदाचा असेल गं. मी तर किल्ला-बिल्ला बांधला होता बहुतेक. हे बघ, उद्या मॅच आहे माझी. तू बघ ना काय ते. किल्ली आहेच की तुझ्याकडे."

स्वरदाला पासवर्ड आठवत नव्हता. तिसऱ्यानं फोन उचलला नाही. पुढचे आठ रेवानं लावलेच नाहीत.

संध्याकाळी तिनं देवेशला फोन केला. निधी आणि संयुक्ताही फोनवर होत्या.

"आली का महाराणी!" देवेश म्हणाला. "बेट बुडायला लागलं म्हणून?"

"देवेश, प्लीज. पाच माणसं हवीत. मी, संयुक्ता, निधी, तू, आणि अजून एक कुणीतरी आण."

"आणि आम्ही येऊन काय करायचं? बारा विरुद्ध चार?"

"पो डी, जा गं," निधी म्हणाली. "आम्ही तुझ्या घरी पाहुण्यांसारखं बसायचं आणि तू सगळ्यांची ताटं एकटीनं जेवायची."

संयुक्ता हळूच म्हणाली, "रेवा, त्यांचं बरोबर आहे. मी आले कारण तू माझ्या बाकावर बसतेस. बेटावर मला करायला काहीच नसतं."

"मी किल्ल्या टाकल्या तर?" रेवानं विचारलं.

खेळात किल्ली मालकाला परत करता येते, पण मालक येतच नसेल तर ती समुद्रात टाकावी लागते. टाकली की ते मत कायमचं संपतं, आणि बेटाच्या यादीतून त्या माणसाचं नावही पुसलं जातं.

"अकराच्या अकरा?" देवेशनं विचारलं.

"अकराच्या अकरा."

"मग येतो. माझ्या मामेभावाला घेऊन येतो. पाच होतील. पण आधी टाक, मग येतो."

रविवारी दुपारी आवडीत उन्हानं गच्चीवरच्या टाक्या तापल्या होत्या, नळाला आंघोळीचं पाणी कढत येत होतं. रेवा पंख्याखाली बसली. पहिली किल्ली स्वरदाची. खेळानं विचारलं, 'नक्की?' तिनं हो म्हटलं. यादीतून नाव गेलं. एकेक करत दहा गेल्या. अनयची मागं राहिली होती. तिच्यापाशी ती अर्धा तास अडखळली. ही एक ठेवली तर कुणाला कळणार होतं? एकच तर मत.

मग तिला त्याचं हसणं आठवलं, आणि तिनं तीही टाकली. खरं सांगायचं तर, शहाणपणानं टाकली असं मी म्हणणार नाही. रागानं टाकली.

यादीत जुन्या बारांपैकी आता एकच नाव होतं. रेवा.

साडेपाचला संयुक्ता आली. पावणेसहाला निधी आली. तिनं आल्या आल्या लिहिलं, "अय्यो, खरंच टाकल्यास की!" तिघींनी बंदराचा प्रस्ताव उघडला आणि तिघींनी हो म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच टाइप थ्रीवर एक प्रस्ताव मंजुरीपर्यंत पोहोचला होता. आता फक्त दोन माणसं हवी होती.

सहाला सात मिनिटं असताना रेवानं फोन लावला. देवेशनं कट केला. पुन्हा लावला. मग त्याचा निरोप आला: 'आज माझ्या बेटावर प्रमुखाची निवडणूक आहे. मी उभा आहे. मामेभावाचं मतही मलाच लागतंय. सॉरी.'

रेवानं लिहिलं, 'तू शब्द दिला होतास.'

'तू पण दोन वर्षं उशिरा टाकल्यास,' त्यानं उत्तर दिलं.

तिनं आईला हाक मारली. "आई, तुझ्या फोनवर नाव नोंदव ना, लवकर!" विद्युलताबाई कणकेच्या हातानं आल्या. खेळानं नंबर विचारला, नंबरवर आकडे पाठवले, त्यांनी चष्मा शोधला. आकडे टाकले तेव्हा घड्याळात सहा वाजून एक मिनिट झालं होतं. आणि वेळेत जमलं असतं तरी माणसं चारच झाली असती.

पडद्यावर बेट निळसर झालं. समुद्राच्या लाटा होत्या तिथंच थांबल्या. खाली एक ओळ आली: हे बेट आता फक्त पाहता येईल.

उत्तर टोकावर पांढरा-लाल दीपस्तंभ तसाच उभा होता. आता तो कुणीच हलवू शकणार नव्हतं. ज्याच्यासाठी तिनं पाच मुलं घालवली ते शेवटी तिला मिळालं होतं, अगदी कायमचं, आणि ज्यानं तो बांधला त्याला तो आठवत नव्हता.

"झालं का तुमचं?" आईनं विचारलं. "मी कणीक तशीच टाकून आलेय."

"झालं," रेवा म्हणाली.

सव्वासहाला निधीचा फोन आला. "ऐक, मी आणि संयुक्ता नवं बेट घेतोय. एकदम रिकामं, दगड आणि चिखल. येतेस? पण आधीच सांगते, तिथं तू कुणी मोठी नाहीस. एक माणूस, एक मत."

"देवेश?"

"त्याला बोलावणार नाही. निदान या आठवड्यात तरी नाही."

बाहेर लोकल शिटी देऊन आवडी स्टेशनात शिरली. रेवानं फोन गुडघ्यावर ठेवला आणि नव्या बेटावर नाव नोंदवलं. खेळानं नेहमीचा प्रश्न विचारला, 'तुम्ही नसाल तेव्हा तुमची किल्ली कुणाकडे?' खाली निधीचं नाव होतं, संयुक्ताचं नाव होतं, आणि सगळ्यात शेवटी लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'कुणाकडेही नाही'.

रेवानं त्या लहान अक्षरांवर बोट ठेवलं.